तिसऱ्या चॅनेलचे कार्ड

मृगाचा पाऊस लागून चार दिवस झाले होते. डिचोली तालुक्यातल्या आमच्या पिग आयर्न कारखान्याच्या वीजगृहात पहाटेच्या पाळीला टर्बाइनच्या कंट्रोल पॅनेलवर अलार्म आला. तिसऱ्या चॅनेलने वाचलेला वेग आणि व्हॉल्व्हची स्थिती बाकीच्या दोन चॅनेलांशी जुळत नव्हती. पाळीवरच्या टेक्निशियनने रिसेट केल्यावर अलार्म गेला, पण वीस मिनिटांनी पुन्हा आला, आणि मी पोचेपर्यंत तिसरे चॅनेल पूर्ण बाद झाले होते. टर्बाइन मात्र मिनिटाला ३००० फेऱ्यांवर शांतपणे चालू होते.

ते चालू राहिले याचे श्रेय पॅनेलच्या रचनेला आहे. अशा पॅनेलमध्ये तीच कामे करणारी तीन स्वतंत्र चॅनेले असतात. प्रत्येकाला आपला वीजपुरवठा, आपला प्रोसेसर आणि आपला वेग मोजणारा सेन्सर, म्हणजे पिकअप असतो, आणि कोणत्याही निर्णयात तिघांपैकी दोघांचे मत ग्राह्य धरले जाते. त्यामुळे एका चॅनेलचे कार्ड, म्हणजे त्याचे सर्किट बोर्ड, गेले तरी मशीन ट्रिप होत नाही, म्हणजे आपोआप बंद पडत नाही. मात्र त्यानंतर दोनच चॅनेले उरतात आणि त्यांपैकी आणखी एकाने दगा दिला की मशीन थांबते. आमच्याकडे टर्बाइन थांबणे म्हणजे केवळ वीज जाणे नव्हे. झोतभट्टीतून निघणारा वायू बॉयलरमध्ये जळतो, त्या वाफेवर टर्बाइन फिरते आणि त्या विजेवर कारखान्याचा मोठा भार चालतो. टर्बाइन थांबले की तोच वायू फ्लेअरमध्ये जाळून टाकावा लागतो आणि सगळा भार बाहेरच्या विजेवर येतो. त्या दिवसापासून पुढचे चार महिने माझा जीव टांगणीला लागला होता, आणि त्या चार महिन्यांत काय केले ते येथे शक्य तितके तपशिलाने मांडतो, कारण असे जुने पॅनेल सांभाळणारे अनेक जण आहेत आणि त्यांना याचा उपयोग व्हावा असे मला मनापासून वाटते.

बाद झालेल्या चॅनेलचा पुरवठा स्वतंत्रपणे बंद करता येत होता, म्हणून परवाना घेऊन, कोणत्या रिबन केबलला हात लावायचा आणि कोणत्या नाही हे कागदावर लिहून आम्ही ते कार्ड बाहेर काढायचे ठरवले. माझ्याबरोबर वाळपईचा एक तरुण टेक्निशियन होता. मी कार्डाच्या क्लिपला हात घालणार तोच तो म्हणाला, "भाई, आधी फोटो काढून घेऊया. एकदा बाहेर आले की कुठली केबल कुठे होती ते आठवणार नाही." आम्ही जागेवरच बावीस फोटो काढले. प्रत्येक जंपर, म्हणजे कार्डावरील जोडणी ठरवणारी बारीक टोपी, जवळून, प्रत्येक कनेक्टर त्याच्या लेबलसह, आणि कार्डाच्या कडेचा क्रमांक तीन वेगवेगळ्या प्रकाशांत टिपला. पुढे या फोटोंनीच आम्हाला तारले.

कार्ड टेबलावर ठेवल्यावर बिघाड शोधावा लागला नाही, तो समोर दिसत होता. वीजपुरवठ्याच्या भागातील दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांच्या बुडाशी तपकिरी डाग पसरला होता आणि त्याखालचा तांब्याचा पट्टा हिरवा पडला होता. सॉकेटमध्ये बसवलेल्या चिपांचे पाय मूळचे चकचकीत असायला हवे होते, ते काजळासारखे काळे झाले होते. आमच्या शेजारीच कोक ओव्हन आहे. त्याच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि चांदी व तांबे यांच्यावर त्याचा असाच परिणाम होतो, त्यात गोव्याच्या पावसाळ्यातील दमटपणाची भर पडली की ही क्रिया वेग घेते. नियंत्रण कक्षातील हवा इलेक्ट्रॉनिक्सला किती मारक आहे हे ठरवण्यासाठी आयएसए ७१.०४ हे मानक आहे. त्यानुसार तांब्याची पट्टी महिनाभर टांगून तिच्यावर चढलेला थर मोजतात, आणि तो ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तरच ती हवा जी१, म्हणजे सौम्य गटात बसते. नंतर आम्ही पट्ट्या टांगल्या तेव्हा आमची हवा त्या गटात बसली नाही. कपॅसिटरची गोष्ट वेगळी. त्यातला द्रव हळूहळू सुकतच असतो, आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. पॅनेलच्या पंख्याच्या जाळ्यांवर धूळ साचली होती, म्हणजे आतले तापमान वर्षानुवर्षे असायला हवे त्यापेक्षा जास्तच राहिले असणार. जवळजवळ तीस वर्षे चाललेल्या कार्डाला मी दोष देत नाही.

स्टोअरच्या नोंदवहीत या कार्डाचा एक स्पेअर शिल्लक होता. खोका उघडला तेव्हा आत कार्ड होते, पण त्याच्या कोपऱ्याला सुतळीने बांधलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावर 'सदोष' एवढेच लिहिले होते. कधीतरी कोणीतरी चांगले कार्ड वापरून बिघडलेले त्याच खोक्यात ठेवले होते आणि नोंद करायची राहून गेली होती. त्या क्षणी मला फार वाईट वाटले, कारण वहीतल्या त्या एका ओळीच्या भरवशावर आम्ही सगळे निश्चिंत होतो.

मूळ उत्पादकाकडे विचारणा केली तेव्हा उत्तर लवकर आले. हे कार्ड आता तयार होत नाही, दुरुस्तीची सेवाही थांबवली आहे, आणि पूर्ण नवीन प्रणाली बसवण्याचा प्रस्ताव देता येईल. हा अनुभव कोणा एका कंपनीपुरता नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या टर्बाइन नियंत्रणाच्या स्पीडट्रॉनिक मालिकेत मार्क ५ नंतर मार्क ६ आणि मार्क ६ई अशा पिढ्या येत गेल्या आणि जगभरातील वीजगृहांमध्ये मागच्या पिढीची कार्डे सांभाळणारे लोक राहिले. टर्बाइन तीस-चाळीस वर्षे चालते, तर त्याच्या कार्डावरील चिपा त्याच्या अंशानेही बाजारात टिकत नाहीत. १ जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशाच्या वापरावर निर्बंध आले, तेव्हा कित्येक जुन्या घटकांचे उत्पादन नव्या पद्धतीने करण्याऐवजी थेट थांबवले गेले. कालबाह्यतेचे व्यवस्थापन कसे करावे यावर आयईसी ६२४०२ असे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकच आहे, म्हणजे हा प्रश्न किती सार्वत्रिक आहे हे लक्षात यावे.

व्यवस्थापनाने विचारले की पूर्ण पॅनेलच का बदलू नये. मी तेव्हाही सांगितले आणि आजही तेच म्हणतो, की बदलावेच लागेल. पण त्याला अभियांत्रिकी, नवी वायरिंग, चाचण्या आणि लांब शटडाउन लागतो. दोन चॅनेलांवर चालणाऱ्या मशीनला कार्ड आत्ता हवे होते. टर्बाइन लगेच थांबवायचे नाही, ऑक्टोबरमधल्या बॉयलरच्या वार्षिक तपासणीच्या शटडाउनमध्ये नवे कार्ड बसवायचे, आणि तोपर्यंत राहिलेल्या दोन चॅनेलांजवळ कोणतेही काम करायचे नाही, असे ठरले. पॅनेलच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली पाळीप्रमुखाकडे दिली. जाळ्या धुऊन बसवणे एवढेच बाहेरून करता येण्यासारखे काम होते, ते केले.

मग बाजार सुरू झाला. जुन्या औद्योगिक कार्डांचा व्यापार करणारे विक्रेते अमेरिकेत, आखातात आणि चीनमध्ये आहेत, आणि बंद पडलेल्या वीजगृहांतून काढलेला माल त्यांच्या हातांतून फिरतो. मी नऊ जणांना लिहिले. सहा जणांनी 'माल आहे' असे कळवले, आणि सर्वांत स्वस्त व सर्वांत महाग दर यांत पाच पटींचे अंतर होते. 'न वापरलेले जादा', 'नूतनीकृत', 'चाचणी केलेले' हे शब्द प्रत्येक जण आपल्या अर्थाने वापरतो. म्हणून मी सगळ्यांकडे एकच मागणी केली: कार्डाचे पुढून व मागून फोटो, त्यावर आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून, आणि कडेचा पूर्ण क्रमांक वाचता येईल असा. दोघांकडून एकच फोटो आला, त्याच टेबलावरचा, त्याच ओरखड्यासह. दोघांकडेही माल नव्हता. ऑर्डर मिळाल्यावर ते तिसऱ्याकडून घेणार होते.

पूर्ण क्रमांकाचा आग्रह का, हे सांगायला हवे. टर्बाइनच्या कार्डांचे क्रमांक एका पद्धतीने रचलेले असतात. उदाहरणार्थ, मार्क ५ च्या कार्डाचा क्रमांक डीएस२०० ने सुरू होतो, पुढची चार अक्षरे कार्डाचे काम सांगतात, त्यानंतर गट येतो आणि शेवटची अक्षरे सुधारणांची असतात. विक्रेता बहुधा गटापर्यंतच जुळवतो आणि 'तेच कार्ड' म्हणतो. पण शेवटच्या अक्षरांत कधी केवळ छपाईचा आराखडा बदललेला असतो, तर कधी कामच बदललेले असते. अक्षर वेगळे असले म्हणून कार्ड बाद होत नाही. मात्र ते वेगळे आहे हे पैसे देण्यापूर्वी कळलेच पाहिजे.

पहिले कार्ड ऑगस्टमध्ये आले. अर्धे पैसे पोचल्यावर आणि तपासल्यावर द्यायचे, अशी अट मी घातली होती. कार्ड इतके स्वच्छ होते की त्या स्वच्छतेचीच मला शंका आली. चिपेवर चार आकड्यांचा तारखेचा संकेत असतो, पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे, म्हणजे ९४२३ असेल तर १९९४ चा तेविसावा आठवडा. या कार्डाच्या कोपऱ्यात उत्पादकाच्या तपासणीचा १९९५ चा शिक्का होता आणि दोन चिपांवर ९९३१ होते. दुरुस्तीत चिप बदलली असेल तर असे होऊ शकते, म्हणून मी लगेच निष्कर्ष काढला नाही. कापसाच्या काडीवर अ‍ॅसिटोन घेऊन त्या चिपांची पाठ हलक्या हाताने घासली. शेजारच्या चिपांवर काही झाले नाही. या दोघींवर मात्र कापूस काळा झाला, छापलेली अक्षरे विरघळली आणि खालून घासकागदाच्या समांतर रेघा वर आल्या. जुना छाप घासून, वर काळा रंग देऊन नवे नाव छापलेल्या त्या चिपा होत्या. त्या कापसाच्या काडीकडे बघत टेक्निशियन काही वेळ गप्प उभा राहिला. हे कार्ड अतिवेगापासून संरक्षण करणाऱ्या साखळीत बसणार होते. मशीन अनावर झाले तर ते थांबवण्याचा आदेश त्यातून जाणार होता, आणि त्या आदेशाच्या वाटेवर कोणीतरी रंगवलेली चिप बसवली होती. कार्ड परत केले. आगाऊ दिलेल्या पैशांपैकी काही भाग मिळाला, काही नाही.

दुसरे कार्ड ज्याच्याकडून घेतले त्याचा दर मधला होता. त्याने स्वतःहून सांगितले की हे बंद झालेल्या वीजगृहातून काढलेले, वापरलेले कार्ड आहे आणि सुधारणेचे अक्षर तुमच्यापेक्षा एका पायरीने पुढचे आहे. फोटोत धूळ दिसत होती आणि सगळ्या चिपांच्या तारखा एकमेकींशी सुसंगत होत्या. वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक जोडण्यांच्या आयातीला २०१६ चे घातक आणि इतर कचऱ्याचे नियम लागू होऊ शकतात, म्हणून कार्ड कशासाठी, कोणत्या मशीनसाठी आणि ते कचरा नसून चालू स्थितीतील सुटा भाग कसा आहे याची कागदपत्रे क्लिअरिंग एजंटला आधीच पाठवली होती. तरीही मुंबईत विचारणा झाली आणि खुलासे देण्यात दिवस गेले. माल सुटल्यावर पार्सलने मागवायचा धीर झाला नाही. आमचा टेक्निशियन मुंबईला गेला आणि कोकण रेल्वेने थिवीपर्यंत ते खोके मांडीवर घेऊन आला.

दरम्यान जून महिन्यातच एक प्रसंग घडला होता, तो आता सांगतो. अशी कार्डे बहुधा प्रोग्रामच्या चिपांशिवाय किंवा दुसऱ्याच कोणाच्या प्रोग्रामसह येतात. आपल्या मशीनचा प्रोग्राम आपल्या जुन्या कार्डावरील ईप्रॉम नावाच्या स्मृतिचिपेत असतो आणि ती चिप काढून नव्यावर बसवावी लागते. आमच्या चिपेच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी होती आणि तिच्यावर चिकटवलेले लेबल एका कोपऱ्यातून सुटले होते. अतिनील प्रकाशाने आतला मजकूर पुसला जातो, म्हणून ते लेबल महत्त्वाचे असते. आम्ही मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला होता. गोव्याच्या दमट हवेत स्थिर विजेची काळजी नको, असे अनेकांना वाटते. पण वातानुकूलित खोलीतील कोरड्या हवेत ती काळजी घ्यावीच लागते. चिप ओढण्याच्या चिमट्याने मी ती दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलत होतो, आणि शेवटच्या उचलीला अगदी बारीक असा आवाज आला. सल्फाइडने खाल्लेला एक पाय मोडून सॉकेटमध्येच राहिला होता.

मोडलेल्या पायाचे खुंट चिपेला एक मिलिमीटरभर शिल्लक होते. ते काचकागदाने स्वच्छ करून, भिंगाखाली, एका रेझिस्टरची कापलेली तार त्यावर डाग देऊन जोडली. दोन प्रयत्न फसले. तिसऱ्यांदा तार धरली. चिप प्रोग्रामरमध्ये बसवून वाचली, बाहेर काढून पुन्हा बसवून वाचली, असे पाच वेळा केले आणि पाचही वेळा चेकसम, म्हणजे चिपेतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, एकच आला. पण हा एकच येणारा आकडा मुळातच बरोबर आहे का, हे कसे ठरवायचे? इतर दोन चॅनेलांत तोच प्रोग्राम होता, परंतु चालू मशीनमध्ये त्यांना हात लावायचा नाही असे ठरलेले होते. आम्ही जुन्या कागदपत्रांच्या खोलीत गेलो. कमिशनिंगच्या, म्हणजे मशीन प्रथम सुरू केले त्या वेळच्या फायली वाळवीने अर्ध्या खाल्ल्या होत्या, तरी तिसऱ्या दिवशी एक पान सापडले. त्यावर चिपांची यादी होती आणि प्रत्येकीपुढे कोणीतरी निळ्या शाईने चेकसम लिहिला होता. आमच्या चिपेपुढचा आकडा जुळला. ज्याने तो लिहून ठेवला त्याचे नावही मला ठाऊक नाही, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्या वाचनावरून दोन कोऱ्या चिपा लिहिल्या आणि त्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या.

ऑक्टोबरमध्ये शटडाउन मिळाला. आधी दुसऱ्या चॅनेलची चिप काढून वाचली, तिचाही चेकसम तोच निघाला, आणि मगच नव्या कार्डावर आमची प्रत बसवली. जंपर जूनमधल्या फोटोंवरून लावले. चॅनेलला पुरवठा दिल्यावर हिरवा दिवा लागला आणि आम्हाला हायसे वाटले, पण वाफेच्या दाबाचे वाचन फुल स्केलच्या वर गेले होते. दाब मोजून प्रवाहाच्या रूपात पाठवणाऱ्या ट्रान्समीटरच्या जागी कॅलिब्रेटरने, म्हणजे ठरावीक प्रवाह देणाऱ्या उपकरणाने, १२ मिलिअँपिअर दिले. ४ ते २० मिलिअँपिअरच्या मोजपट्टीवर हे निम्मे वाचन यायला हवे होते आणि इतर दोन चॅनेलांवर ते बरोबर येत होते. प्रवाहाचे व्होल्टमध्ये रूपांतर करण्यासाठी कार्डावर २५० ओहमचा रेझिस्टर असतो, १२ मिलिअँपिअरला त्यावर ३ व्होल्ट पडतात. येथे तो रेझिस्टर मार्गात आलाच नव्हता. फोटोत जुन्या कार्डाचा ज्या जागेचा जंपर त्यासाठी होता, त्याच जागेचा जंपर नव्या सुधारणेत दुसऱ्या कामाला दिला होता आणि रेझिस्टरचा जंपर कनेक्टरजवळ सरकवला होता. एका अक्षराचा फरक तो हा. आम्ही कार्डावरचा तांब्याचा पट्टा कुठून कुठे जातो हे भिंगाने आणि मीटरने शोधून एकूण एक जंपर पुन्हा पडताळला. त्यात पाच तास गेले, आणखी एक जंपर असाच हललेला सापडला.

वेगाची चाचणी मला विशेष जपून करायची होती. आमच्या शाफ्टवरील चाकाला ६० दात आहेत, त्यामुळे मिनिटाला जितक्या फेऱ्या तितकेच सेकंदाला स्पंद मिळतात, ३००० फेऱ्यांना ३००० हर्ट्झ. सिग्नल जनरेटरने तिन्ही चॅनेलांना एकच स्पंद दिला आणि हळूहळू वाढवत नेला. ११० टक्के, म्हणजे ३३०० वर प्रत्येक चॅनेलने आपला ट्रिपचा आदेश दिला. मग एका वेळी दोनच चॅनेलांना जास्त वेग दाखवून मुख्य ट्रिप होतो हे पाहिले, आणि एकालाच दाखवून तो होत नाही हेही पाहिले. जोडी बदलून सगळे पर्याय केले, कारण मतदान बरोबर होते की नाही हे याशिवाय कळत नाही. व्हॉल्व्ह शून्यापासून शंभरपर्यंत उघडून स्थितीचे वाचन तिन्हीकडे जुळवले. शेवटी मशीन वाफेवर घेऊन, जनरेटरचा ब्रेकर उघडा ठेवून प्रत्यक्ष वेग वाढवला. ३२०० च्या पुढे आवाज बदलतो, तो कितीही वेळा ऐकला तरी अंगावर काटा येतो. ३३०० ला स्टॉप व्हॉल्व्ह धाडकन बंद झाला. त्याच रात्री मशीन पुन्हा जोडले.

बिघडलेले जुने कार्ड बेंगळुरूच्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिले आहे. तो सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि सॉकेट बदलतो आणि खाल्लेला पट्टा बारीक तारेने जोडतो. ते आले की तेच आमचा स्पेअर होईल. 'सदोष' चिठ्ठीचे कार्डही त्याच्याकडेच पाठवले आहे. यापुढे स्टोअरमध्ये कार्ड ठेवताना अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेल घालायचे, बाहेर पूर्ण क्रमांक, जंपरांचा तक्ता आणि चेकसम लिहायचा, आणि दर शटडाउनला ते कार्ड पॅनेलमध्ये चालवून पाहायचे, असा नियम केला. नोंदवही वाळपईच्या त्याच टेक्निशियनकडे आहे. पहिल्या पानावर त्याने जूनमधील ते बावीस फोटो छापून चिकटवले आहेत.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या कार्डाच्या विक्रेत्याचा ईमेल आला. आमच्याकडचे बिघडलेले कार्ड असेल त्या स्थितीत घ्यायची त्याची तयारी होती आणि दरही बरा होता. विकायचे नाही, असे मी त्याला कळवले.